हिंसेचे ८१ प्रकार आणि आपली प्रयोगशाळा



योगातली अहिंसा रोजच्या जगण्यात कशी आणायची, यावरचे बहुतेक लेख एकाच साच्यातले असतात. रागावू नका, गोड बोला, शाकाहार करा, स्वतःवर प्रेम करा. सल्ले वाईट नाहीत. पण तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न वेगळा हवा: ही संकल्पना मूळ ग्रंथात कशी मांडली आहे, आणि ती तपासता येईल इतकी नेमकी आहे का? आज पातंजल योगसूत्रांतली अहिंसा आपण याच नजरेने वाचू.

आधी एक खबरदारी. आपण ‘पतंजली म्हणतात’ असं सहज लिहितो, पण सूत्रं अतिशय त्रोटक आहेत. त्यांचा जो अर्थ आपण सांगतो, त्यातला बराचसा व्यासभाष्यातून आलेला असतो. सूत्रं आणि भाष्य एकाच लेखकाची आहेत, असं मत फिलिप मास यांनी मांडलं आहे. ते तुम्हाला पटो वा न पटो, कोणतं विधान सूत्राचं आणि कोणतं भाष्याचं, हे वेगळं लिहायची सवय लावा. साहित्याचा आढावा घेताना ही सवय फार कामाला येते.

आता मुद्दा. दुसऱ्या पादातलं ३४ वं सूत्र हिंसेची चक्क वर्गवारी करतं. ती कोणी केली: स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली, की नुसती मान्यता दिली? ती कशातून आली: लोभ, क्रोध की मोह? तिची तीव्रता किती: मृदू, मध्यम की अतितीव्र? तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ प्रकार. भाष्य तीव्रतेचे पुन्हा तीन-तीन पोटभेद करून ही संख्या ८१ वर नेतं.

या वर्गवारीतला सगळ्यात धारदार भाग म्हणजे पहिला घटक. ‘मी कुणाला मारलं नाही’ एवढ्यावर तुमची सुटका होत नाही. ग्रुप मीटिंगमध्ये एखाद्या ज्युनियरचा सगळ्यांसमोर पाणउतारा होतो आणि बाकीचे हसतात. हसणारे ‘मान्यता देणाऱ्यां’च्या रकान्यात जातात. उंदीर हाताळायचं काम प्रोजेक्ट असिस्टंटवर सोपवून आपण फक्त आलेख काढतो, तेव्हा आपण ‘करवणारे’ असतो. सोप्या सल्ल्यांच्या लेखांत नेमका हाच भाग गळून जातो, कारण तो वाचकाला अडचणीचा आहे.

दुसरा घटक कारणांचा. भाष्य तिन्ही कारणांची उदाहरणं देतं. मांस आणि कातड्यासाठी मारणं हा लोभ. याने माझं वाईट केलं म्हणून मारणं हा क्रोध. आणि मोह म्हणजे काय? यातून मला पुण्य लाभेल, या समजुतीने मारणं. इथे जरा थांबा. प्रयोगशाळेत आपण उंदीर ‘मारला’ असं म्हणत नाही, ‘सॅक्रिफाइस केला’ म्हणतो, म्हणजे बळी दिला. कशासाठी? ज्ञानासाठी, मानवजातीच्या भल्यासाठी. भाष्यकाराला हे वाक्य ओळखीचं वाटलं असतं.

म्हणून प्राण्यांवरचं सगळं संशोधन मोह ठरतं का? माझं मत: नाही. पण ‘उद्देश चांगला आहे’ हे उत्तर एकट्याने पुरत नाही, हे या वर्गवारीमुळे स्पष्ट होतं. उद्देश चांगला आणि गटात प्राणी इतके कमी, की निष्कर्षच काढता येत नाही, अशा प्रयोगात प्राणीही जातात आणि प्रश्नही तसाच राहतो. एक पेपर वाढावा एवढ्यासाठीच तो केला असेल, तर तो सरळ लोभाच्या रकान्यात टाका.

आता ग्रंथाची कमकुवत बाजू. ३१ वं सूत्र म्हणतं, की जात, स्थळ, काळ किंवा प्रसंग यांची कोणतीही मर्यादा नसलेले यम म्हणजे महाव्रत. फक्त मासेच मारीन म्हणणारा कोळी, तीर्थक्षेत्री मारणार नाही म्हणणारा, फक्त युद्धातच मारीन म्हणणारा क्षत्रिय, ही भाष्यातली मर्यादित अहिंसेची उदाहरणं. ठीक. पण मर्यादित अहिंसेपासून पुढे जायचं कसं? दोन अपायांपैकी एक अटळ असेल तर कोणता निवडायचा? याचा हिशोब इथे मिळत नाही. जैन परंपरेने गृहस्थांसाठी अणुव्रतं वेगळी मांडली, सूत्रांत तशी पायरी नाही. हा मुख्यतः साधकासाठी लिहिलेला ग्रंथ आहे. तो जसाच्या तसा ‘दैनंदिन जीवना’त बसतो, असं सांगणारे लेख ही अडचण लपवतात.

ही पायरी विज्ञानात १९५९ साली विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी दिली. प्राण्यांऐवजी दुसरी पद्धत वापरता येते का, प्राण्यांची संख्या कमी करता येते का, त्यांच्या वेदना कमी करता येतात का, हे त्यांचे तीन प्रश्न. आपल्याकडे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. केवळ हातसफाई यावी म्हणून प्रयोग करणं शक्यतो टाळावं, असं तो सांगतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे प्रस्ताव संस्थेच्या नीती समितीपुढे जातात.

पण या चौकटीलाही भोक आहे. ती किती प्राणी आणि किती वेदना हे विचारते, प्रयोग करणाऱ्याचा लोभ विचारत नाही. आणि ती प्राण्यांपुरती आहे, ग्रुप मीटिंगमधल्या ज्युनियरपर्यंत पोचत नाही. तिथे ३४ वं सूत्र जास्त खोल जातं. थोडक्यात, एकाकडे हिशोब आहे, दुसऱ्याकडे हेतूची तपासणी. मला दोन्ही लागतात.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा हे करून बघा. नमुन्याचा आकार ठरवताना गाइडच्या जुन्या पेपरातला आकडा तसाच उचलू नका, संख्याशास्त्राचा आधार घेऊन गणित करा. प्राणी कोण हाताळणार आणि त्याला प्रशिक्षण आहे का, हे आधी विचारा. आणि ‘हा प्रयोग का?’ या रकान्यात समितीसाठी जे लिहाल ते लिहाच, पण आपल्या वहीत खरं कारण एका ओळीत लिहून ठेवा. ती ओळ लोभ, क्रोध, मोह यांपैकी कुठल्या रकान्यात बसते का ते पाहा. बसत असेल तर प्रस्ताव पाठवण्याआधी प्रयोगाची आखणी बदला. त्या टप्प्यावर बदल करायला फक्त कागद लागतो.