'अनुशेष' ह्या शब्दाची मर्यादा : दांडेकर अहवाल आणि वऱ्हाडची कापूस-कारखानदारी

प्रादेशिक विकासाच्या चर्चेत काही शब्द असे रूढ होतात की, ज्या प्रश्नाला ते नाव देतात तोच प्रश्न ते हळूहळू झाकून टाकतात. 'अनुशेष' हा त्यांपैकी एक होय. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीचा अहवाल १९८४ साली सादर झाला. त्यानंतर महाराष्ट्राच्या राजकीय भाषेत ह्या शब्दाने जे स्थान मिळविले ते आजही अबाधित आहे. अमरावती-अकोल्याच्या संदर्भात ह्या शब्दाचे सामर्थ्य किती आणि उणीव कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम अहवालाचे श्रेय मान्य केले पाहिजे. १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासने वक्तृत्वाचा विषय होऊन बसली होती. समितीने त्यांना हिशेबाची शिस्त लावली. रस्ते, पाटबंधारे, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तांत्रिक शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यक सेवा ह्या नऊ क्षेत्रांत प्रत्येक जिल्ह्याची पातळी राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिली व तुटीचे मोल रुपयांत मांडले. एकूण तूट सुमारे ३,१८७ कोटींची निघाली आणि तीत विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांहून थोडा अधिक ठरला. तक्रारीला आकड्याचे बळ मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु ह्या नऊ क्षेत्रांच्या यादीत कारखानदारी नाही. शासन जे देते त्याचाच हिशेब समितीने मांडला. जे भांडवल, यंत्र आणि कौशल्य यांच्या संयोगाने उभे राहते, ते ह्या मापात मावणारे नव्हते. शब्दाची प्रकृतीही तीच आहे. 'शेष' म्हणजे उरलेले. 'अनुशेष' म्हटले की एक खाते, एक ऋणको आणि एक धनको डोळ्यांसमोर येतात, आणि रक्कम चुकती झाली की खाते मिटते. वऱ्हाडच्या कापसाची कथा मात्र न दिलेल्या रकमेची नाही. ती मधूनच तोडलेल्या साखळीची आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे लक्ष वळले. १८६७ साली लोहमार्ग अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचला. १८७० साली खामगावची शाखा सुरू झाली. कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांच्या लेखनात तर, विलायती कापड आत यावे आणि विणकराने माग सोडून शेतीकडे वळावे, अशी अपेक्षा स्पष्ट दिसते. म्हणजे ज्या रस्त्याने माल बाहेर गेला त्याच रस्त्याने कोष्ट्याचा धंदाही गेला. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणारी, लोकांनी 'शकुंतला' म्हणून आपलीशी केलेली अरुंद गाडीही मुख्यतः कापसासाठीच होती.

मग कारखाने आलेच नाहीत काय? आले, परंतु कोणते, हे पाहावे. कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते, बाकी बहुतेक सरकी. म्हणून जिनिंग-प्रेसिंग शेताजवळच करावे लागते. सूत मात्र रुईहून फारसे हलके नसते. ते कोठेही कातता येते. आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली मांडलेला उद्योगस्थानाचा सिद्धांत येथे जसाच्या तसा लागू पडतो. जी प्रक्रिया हलविणे परवडत नव्हते तेवढीच वऱ्हाडात राहिली. ती हंगामी होती. बोंडे फुटली की सुरू आणि उलंगवाडी झाली की बंद. तिने मजूर दिले, पण कायमचा कामगारवर्ग घडविला नाही.

ह्याची साक्ष भाषा देते. पऱ्हाटी, बोंड, वेचणी, रुई, सरकी, ढेप, गठाण हे शब्द वऱ्हाडी बोलीत घरोघरचे आहेत; 'जीन' आणि 'प्रेस' हे परके शब्दही जागांची नावे होऊन रुळले. पण मुंबईच्या गिरणगावाने 'साचेखाते', 'जॉबर', 'बदली' असे शब्द घडवून सामान्य मराठीला दिले, तसे वऱ्हाडात घडले नाही. अकोला, बडनेरा, अचलपूर येथे गिरण्या होत्या हे खरे. तथापि त्यांची परिभाषा वस्तीबाहेर पसरण्याइतक्या त्या बहुसंख्य व दीर्घायू ठरल्या नाहीत. शब्दसंपत्ती गठाणीपाशी थांबते, कारण उद्योगही तेथेच थांबला. शब्दांचा हा पुरावा एकट्याने निर्णायक नाही. इतिहासाशी तो जुळतो म्हणून ग्राह्य.

येथे एक आक्षेप संभवतो. रस्ते, वीज आणि पाणी यांवाचून कारखाने येतील कसे? म्हणून अनुशेष आधी भरणेच योग्य, असे कोणी म्हणेल. आक्षेपात तथ्य आहे. अमरावती विभागाचा सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ रेंगाळला, हे त्याला पूरकच. परंतु पायाभूत सोय ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. वऱ्हाडला लोहमार्ग देशातील पुष्कळ प्रांतांआधी मिळाला. तो मिळूनही विकास झाला नाही, कारण त्याची दिशा बंदराकडे होती. अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ साली उद्योगांच्या मागच्यापुढच्या दुव्यांचा जो विचार मांडला, त्याच्या अभावी सोयीही कच्चा माल अधिक वेगाने बाहेर नेतात.

अचलपूरची फिनले गिरणी २०२० च्या टाळेबंदीत थांबली. २० सप्टेंबर २०२४ रोजी अमरावतीजवळील नांदगाव पेठच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिला बसली. ह्या योजनेच्या भाषेत शेतापासून परदेशापर्यंतची साखळी आहे. शब्द म्हणून तो 'अनुशेषा'हून निश्चितच पुढचा. पण एकरांचा आणि गुंतवणुकीचा आकडा म्हणजे पुन्हा खात्यातील नोंदच. खरी कसोटी निराळी आहे : आसपासच्या तालुक्यांतील रुई तेथे किती कातली जाते, आणि कातणारे हात कोठले.

दांडेकर अहवालाने वऱ्हाडला काय मिळाले नाही हे मोजले. वऱ्हाडातून काय निघून गेले आणि कोणत्या अवस्थेत गेले, हे मोजणारा अहवाल अजून लिहावयाचा आहे. त्याला नवा शब्द लागेल. तो सापडेपर्यंत जुन्या शब्दाची मर्यादा ध्यानी ठेवलेली बरी.