‘जाति’ हा पदार्थ आहे काय?

वैशेषिकांनी जगाची विभागणी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष व समवाय अशा सहा पदार्थांत केली. ‘अभाव’ हा सातवा पुढे आला. नऊ द्रव्यांत त्यांनी आत्माही गणला. तेव्हा केवळ परमाणुवादावरून या दर्शनास भौतिकवादी म्हणणे आम्हांस अनाठायी वाटते. आमचा येथील प्रश्न मात्र चौथ्या पदार्थाविषयी, सामान्याविषयी आहे. सर्व गाईंत एकच नित्य ‘गोत्व’ मानले, तर सर्व ब्राह्मणांत ‘ब्राह्मणत्व’ मानावे काय?

मीमांसक कुमारिल भट्टांनी तंत्रवार्तिकात हे मानले आहे. मातापित्यांची जाति ठाऊक असली की अपत्याचे ब्राह्मणत्व प्रत्यक्षाने कळते, असे ते म्हणतात. हे प्रत्यक्ष कसले? वाशीच्या फळबाजारात पेटी उघडताच हापूस आणि पायरी यांतील भेद डोळ्यांना व नाकाला कळतो. ती पेटी वाहणाऱ्या माथाडीची जात मात्र विचारल्यावाचून कळत नाही. आणि ‘माथाडी’ हे नावही त्याला कामावरून मिळालेले.

मज्झिमनिकाय व सुत्तनिपात या दोहोंत आलेल्या वासेट्ठसुत्ताचा युक्तिवाद नेमका असाच आहे. तृण-वृक्ष, कीटक, चतुष्पाद, सर्प, मत्स्य, पक्षी यांत जातिमय लिंग आढळते. मनुष्याच्या केसांत, कानांत, डोळ्यांत ते आढळत नाही. मनुष्यांतील भेद ही ‘समञ्ञा’, म्हणजे लोकव्यवहारातील नावे. भगवंतांनी भेद सरसकट नाकारला, असे आपल्याकडे लिहिले जाते, ते सुत्ताला धरून नाही. भेद जेथे दिसतो तेथे त्यांनी तो मान्य केला, म्हणूनच मनुष्याविषयीचा त्यांचा नकार बळकट ठरतो.

आठव्या शतकात शांतरक्षितांनी तत्त्वसंग्रहात सामान्य या पदार्थाचे सविस्तर खंडन केले. पण एवढ्याने भागते काय? प्राभाकर मीमांसकांनीही ब्राह्मणत्व हे सामान्य नव्हे असेच म्हटले, आणि त्याच्या जागी विशिष्ट वंशपरंपरेतील जन्म ठेवला. पदार्थ गेला, वर्णव्यवस्था राहिली! वासेट्ठसुत्त रिकाम्या जागी वंश ठेवीत नाही, कर्म ठेवते. हा फरक आमच्या मते पदार्थखंडनाहून मोठा आहे.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या निबंधात जात ही विटांची भिंत नसून मनातील धारणा आहे असे दाखविले, आणि लगेच त्या धारणेला आधार देणाऱ्या शास्त्रांच्या पावित्र्याकडे ते वळले. प्राभाकरांनी तेवढेच अबाधित ठेवले होते.