दोन चित्रं शेजारी लावली, म्हणजे तुलना झाली का?

प्रबंध लाटेकमध्ये लिहायला घेतलात की पहिल्या महिन्यातच एक प्रश्न येतो : दोन चित्रं एका ओळीत शेजारी-शेजारी कशी बसवायची? मलाही हा प्रश्न पडला होता. उत्तर शोधण्यात दोन दिवस गेले आणि चित्रं बसली तेव्हा खूप आनंद झाला. चित्रं केज तालुक्यातल्या एका गावतलावाची होती, उपग्रहावरून घेतलेली. डावीकडे एप्रिल २०१६, कोरडा तलाव. उजवीकडे ऑक्टोबर २०१६, निळंशार पाणी. खाली ओळ होती : 'गाळ काढण्यापूर्वी आणि गाळ काढल्यानंतर'.

मार्गदर्शकांनी पान पाहिलं, चित्राखालची ओळ हाताने झाकली आणि विचारलं, "मधे पाऊस झाला नाही का?"

झाला होता. बीड-लातूरकडच्या कुणालाही ते वर्ष सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, कारण लातूरला पाणी देणारं आपल्या केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. त्याच वर्षीच्या पावसाळ्याच्या शेवटी जोरदार पाऊस झाला आणि धरणात पाणी आलं. माझ्या तलावाच्या जागी मांजरा धरणाची तीच दोन दृश्यं ठेवली असती, तरी चित्र तितकंच 'यशस्वी' दिसलं असतं. मी दाखवलेला फरक मुख्यतः उन्हाळा आणि पावसाळा यांच्यातला होता. श्रेय मात्र गाळ काढण्याला दिलं होतं.

म्हणून ही तक्रार आधी स्वतःविरुद्ध आहे, मग आपण सगळे जे नमुने बघून शिकतो त्यांच्याविरुद्ध. लाटेकवरचं बहुतेक मार्गदर्शन चित्रं कशी बसवायची ते सांगतं. शेजारी बसवणं म्हणजे 'ही दोन तुलना करण्याजोगी आहेत' असा दावा करणं, हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी तंत्र उरकून घेऊ. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देतेय. पॅकेज घ्यायचं सबकॅप्शन. सीनियरकडून आलेल्या जुन्या फाइलींत सबफिगर नावाचं पॅकेज दिसेल; ते कालबाह्य आहे. गंमत अशी की सबकॅप्शनच्या आत जी एन्व्हायर्नमेंट वापरायची तिचंही नाव सबफिगरच. दोन्ही पॅकेजं एकत्र घेऊ नका, ती एकमेकांशी जुळत नाहीत. मोठ्या फिगरमध्ये दोन सबफिगर ठेवा, प्रत्येकीला टेक्स्टविड्थच्या ०.४८ रुंदी द्या आणि मधे एचफिल टाका. आतल्या चित्राची रुंदी लाइनविड्थ. तीन चित्रं असतील तर ०.३२.

तरीही दुसरं चित्र खालीच जातंय? मग दोन सबफिगरच्या मधे कोडमध्ये रिकामी ओळ राहिलीय का बघा. लाटेकसाठी रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद. ०.५ आणि ०.५ रुंदी दिली असेल, तर कोडमधल्या नव्या ओळीमुळे पडणारी बारीकशी मोकळी जागा बेरीज एकाच्या वर नेते आणि चित्र घसरतं. पहिल्या सबफिगरच्या शेवटी टक्क्याचं चिन्ह टाकलं की ती जागा जाते. झालं, तंत्र एवढंच आहे.

आता हे तंत्र कुठे घात करतं ते बघू.

पहिली गोष्ट रुंदीची. दोन्ही चित्रांना ०.४८ रुंदी दिली की ती सारखी दिसतात. पण डाव्या नकाशात चार किलोमीटरचा पट्टा असेल आणि उजव्यात दोनच, तर तोच तलाव उजवीकडे दुप्पट लांब आणि चौपट क्षेत्राचा दिसेल. लाटेक तुम्हाला सावध करणार नाही. त्याला चित्र म्हणजे एक चौकट. आत धरण आहे की दगड, त्याला घेणं नाही. म्हणून दोन्ही नकाशे एकाच सीमारेषेने कापूनच फाइलमध्ये आणा.

दुसरी गोष्ट आकाराची. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. बाइंडिंगकडून ३.८ आणि दुसरीकडून २.५ सोडले तर मजकुराला १४.७ उरतात. त्याचे ०.४८ म्हणजे साधारण ७ सेंटिमीटर. तुम्ही १६ सेंटिमीटर रुंद नकाशा १० पॉइंटच्या अक्षरांत बनवला असेल, तर छापल्यावर अक्षरं सव्वाचार-साडेचार पॉइंटची होतात. गावांची नावं मुंग्यांसारखी. शिवाय नकाशावर '१ : ५०,०००' असं लिहिलं असेल, तर चित्र लहान झाल्याक्षणी ते खोटं ठरतं. त्याऐवजी पट्टीचं प्रमाण वापरा. चित्राबरोबर पट्टीही लहान होते, म्हणून ते खरं राहतं.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि ही सगळ्यात फसवी. पाणी ओळखायला आपण हिरव्या आणि निकट-अवरक्त पट्ट्यांवरून निर्देशांक काढतो. त्याची किंमत उणे एक ते अधिक एक यांच्या मधे असते. क्यूजीआयएस असो की मॅटप्लॉटलिब, काही सांगितलं नाही तर ते प्रत्येक चित्राच्या स्वतःच्या किमान-कमाल किमतींवरून रंग ताणतात. मग एप्रिलमधला निळा आणि ऑक्टोबरमधला निळा हे एकच राहत नाहीत. दोन्हींना एकच मर्यादा हाताने द्या आणि रंगपट्टी एकदाच, दोघांत मिळून लावा. ती एकत्र लावता येत नसेल, तर चित्रं शेजारी लावायच्या लायकीची नाहीत असं समजा. आणि दोन दृश्यं दोन वेगळ्या उपग्रहांची असतील, तर लॅंडसॅट-८ चा ठिपका ३० मीटरचा आणि सेंटिनेल-२ चा १० मीटरचा, हेही चित्राखाली लिहा. लहान तलावाचा काठ या दोन्हींत सारखा येत नाही.

एवढं करूनही माझी मूळ चूक सुटत नव्हती, कारण ती मांडणीची नव्हतीच. दोन चित्रांत माझा प्रश्नच मावत नव्हता. मग मी चार चित्रं केली. वरच्या ओळीत गाळ काढलेला तलाव, खालच्या ओळीत जवळचाच गाळ न काढलेला. डावा स्तंभ ऑक्टोबरचा, कामाआधीच्या वर्षातला. उजवा ऑक्टोबरचाच, कामानंतरच्या वर्षातला. लाटेकमध्ये दोन ओळी करायला तीच रिकामी ओळ लागते, जी मघाशी नडत होती. आता पाऊस दोन्ही ओळींत सारखा आहे. खालच्या ओळीतही पाणी वाढलेलं दिसलं, तर तेवढं श्रेय पावसाचं. वर जे उरेल त्यावरच मला बोलता येईल. आणि ती दोन तळी खरंच एकसारखी आहेत का, हे मला मजकुरात पटवून द्यावं लागेल.

खालच्या ओळीतही पाणी वाढलेलं दिसलं. माझ्या प्रकरणातलं सगळ्यात दणदणीत वाक्य त्या दिवशी गेलं. उरलेलं वाक्य लहान आहे, पण तोंडी परीक्षेत त्यासाठी मान खाली घालावी लागणार नाही.

गावोगावच्या फ्लेक्सवर 'आधी-नंतर'चे फोटो तुम्ही पाहिले असतील : मेमधली कोरडी विहीर, सप्टेंबरमधली तुडुंब. फ्लेक्सला ते एक वेळ चालतं. पण आपल्या जिल्ह्यात पुढच्या वर्षी पैसा कुठल्या कामावर जाणार, हे अशाच चित्रांवरून ठरत असेल, तर संशोधकाने तरी फ्लेक्स छापू नये.

लाटेकच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. मी आधी वर्डमध्ये माऊसने ओढून चित्रं लहान-मोठी करायचे. महिन्याने कुठलं किती ओढलं ते मलाही कळायचं नाही. लाटेकच्या साध्या मजकुरात प्रत्येक रुंदी, प्रत्येक काटछाट आकड्यांत लिहिलेली राहते. डावीकडे ०.४८ आणि उजवीकडे ०.५५ का, असं कुणीही ओळीवर बोट ठेवून विचारू शकतं. साधन आंधळं आहे, पण ते लपवत नाही.

तेव्हा आज तुमची फाइल उघडा. प्रत्येक जोडचित्राखाली तारीख, उपग्रह आणि रंगांची मर्यादा लिहा. मग मधे काय काय बदललं याची यादी करा. त्या यादीत तुमच्या कारणाशिवाय दुसरं एखादं कारण निघालं, तर तिसरं-चौथं चित्र शोधायला लागा. नाही सापडलं, तर ती दोन चित्रं वेगवेगळ्या पानांवर टाका.