सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या : गौरव आणि गणित

प्रस्तावना :
ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ या प्रकल्पातील ल्यूक ड्युरंट यांना ‘२ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १’ ही मूळ संख्या सापडली. तीत ४,१०,२४,३२० अंक आहेत. वर्गात या घटनेचा उल्लेख गौरवाने होतो. मात्र त्यात दोन चुकीची विधाने मिसळलेली असतात. प्रस्तुत टिपणात त्यांची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
पहिले विधान, ही ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ होय. येथे ‘ज्ञात’ हा शब्द गळतो आणि त्यासोबत युक्लिडचा सिद्धांतही गळतो. मूळ संख्यांची कोणतीही सांत यादी घेऊन त्यांच्या गुणाकारात १ मिळविल्यास, येणाऱ्या संख्येचा मूळ विभाजक त्या यादीत असू शकत नाही. म्हणून सर्वांत मोठी मूळ संख्या अस्तित्वातच नाही.

दुसरे विधान, अशा संख्या सांकेतिक लेखनास उपयुक्त असतात. आरएसए पद्धतीत सामान्यतः तीनशेहून थोड्या अधिक अंकांच्या दोन मूळ संख्या घेतात आणि त्या गुप्त ठेवाव्या लागतात. जगजाहीर झालेली संख्या त्या कामी निरुपयोगीच ठरते.

मग तिचे महत्त्व कशात आहे? ते तिच्या घडणीत आहे. द्विमान पद्धतीत ती केवळ १ या अंकाची सलग मालिका आहे. युक्लिडच्या नियमानुसार तिच्यापासून एक सम परिपूर्ण संख्याही मिळते. घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही; २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७ = २३ × ८९. निर्णय लुकास-लेमर कसोटी देते. ४ पासून आरंभ करावा, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि मर्सेन संख्येने भागून बाकी ठेवावी. ३१ साठी ४, १४, ८, ० असा क्रम येतो. घातांक ५ असल्याने तिसऱ्या पायरीवर शून्य मिळाले, म्हणून ३१ मूळ आहे. ही कसोटी फळ्यावर सहज करून दाखविता येते.

याच्या तुलनेत २००२ साली कानपूरच्या आय. आय. टी.मधील अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनी दिलेली कसोटी पाहावी. तिने एकही विक्रमी संख्या दिली नाही. परंतु कोणत्याही संख्येची मूळता बहुपदी वेळात निःसंदिग्धपणे ठरविता येते, हे तिने सिद्ध केले. संख्येचा आकार आणि सिद्धांताची व्याप्ती यांत गल्लत करणे हा खरा दोष आहे.

समारोप :
विक्रम मोडण्यासाठीच असतात. २०१८ सालची २,४८,६२,०४८ अंकी संख्या २०२४ मध्ये मागे पडली. मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे. विद्यार्थ्यापुढे अंकांची मोजदाद ठेवण्यापेक्षा हा प्रश्न ठेवणे, हे अध्यापकाचे कर्तव्य होय.