पडदा आणि श्वास

एकट्या नर्तकाच्या पाठीमागे पडदा लावून त्यावर हलती चित्रे सोडण्याची रीत आता रंगभूमीवर चांगलीच रुजली आहे. कधी तर नाचणाऱ्याचीच छबी कॅमेऱ्याने टिपून तत्क्षणी मोठी करून दाखवितात. जुन्या रसिकांना हा निव्वळ गारुड्याचा खेळ वाटतो. तरुणांना त्यावाचून रंगमंच ओकाबोका वाटतो. मला दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते.

चित्र आणि जिवंत माणूस यांची सांगड आपल्याला नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ दाखविली, ती काचेवरच्या रंगीत चित्रांना कथनाची व गाण्यांची जोड देऊनच. उदयशंकरांनी १९७० साली ‘शंकरस्कोप’मध्ये पडदा आणि नर्तक एकाच खेळात गुंफले. तेव्हा वाद यंत्राशी नाही. त्याने साधायचे काय, एवढाच प्रश्न आहे.

मुंबईचे अस्ताद देबू (१९४७–२०२०) घ्या. लहानपणी कथक, मग लंडनला मार्था ग्रॅहमची पद्धती, न्यूयॉर्कला होसे लिमोनची, पुढे कथकली, असे त्यांचे शिक्षण. ग्रॅहम पद्धतीचा प्राण पोटातून उठणाऱ्या आकुंचनात आणि मोकळे होण्यात. लिमोनचा, तोल सोडून पडण्यात आणि पडता पडता सावरण्यात. म्हणजे एकीत श्वास, दुसरीत वजन. पडद्यावरच्या चित्राला यांतले काहीच नसते! ते दमत नाही, अडखळत नाही. देबूंच्या संथ, लांबलेल्या गिरकीने आपण खिळून जातो, ते हा माणूस आता कोलमडतो की काय, या धास्तीनेही. पाठीमागे डोंगरदऱ्या धावू लागल्या, तर ती धास्ती कशी टिकावी?

पण दुसरी बाजूही आहे. आमच्या सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नर्तकाच्या बरगड्यांचे हलणे दिसणार कसे? तो श्वास कॅमेऱ्याने त्याच्यापर्यंत पोहोचविला, तर ते यंत्र नृत्याच्याच कामी आले, असे मी म्हणेन.

सोलापुरी चादरीची नक्षी वर छापलेली नसते. ती विणीतच असते. चित्रही नृत्यात तसेच विणलेले हवे. पारख सोपी आहे. मनातल्या मनात पडदा विझवून पाहावा. काहीच उणे झाले नाही, तर चित्र फुकटचे. काहीच उरले नाही, तर नर्तक फुकटचा. घाम गाळणारा माणूस समोर असताना आपण त्याच्या सावलीला टाळ्या द्याव्यात, हे काही खरे नव्हे.