बॉम्बरचा रंग कोणत्या तारखेचा?

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानांची प्लास्टिकची किट्स आज जेवढी देखणी निघतात, तेवढी याआधी कधीच निघत नव्हती. एचके मॉडेल्सचं १/३२ स्केलचं ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बर जोडून झालं की त्याचे पंख जवळजवळ मीटरभर पसरतात. पत्र्याचे सांधे, रिव्हेटच्या ओळी, टरेटच्या काचा, सगळं जागच्या जागी असतं. एअरब्रश चालवणारे हातही पूर्वीपेक्षा पुष्कळ तयार झालेत. पण याच मॉडेलवर रंग आणि खुणा चढल्या की ते नेमकं कोणतं विमान आणि कोणत्या महिन्यातलं, याचं उत्तर बहुतेकदा मिळत नाही. आकाराच्या बाबतीत ही कला प्रौढ झाली आहे. रंगांच्या बाबतीत मात्र साधनं वाढली आणि शिस्त सैल झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं मोठं कारण म्हणजे प्रोफाइल, अर्थात विमानाचं एका बाजूने काढलेलं रंगीत चित्र. पुस्तकात, डेकलच्या (चिकटवायच्या खुणांच्या) पाकिटात, किटच्या खोक्यावर तेच असतं. चित्रकारापुढे बहुधा एकच जुनं छायाचित्र असतं, तेही एकाच बाजूचं. दिसलं तेवढं तो पाहून काढतो, उरलेलं अंदाजाने भरतो. दहा वर्षांनी दुसरा चित्रकार त्या चित्रावरून आपलं चित्र काढतो आणि मधला अंदाज पुरावा होऊन बसतो. दुसऱ्या बाजूला काय होतं हे विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. ‘मेम्फिस बेल’ या अमेरिकी बी-१७ बॉम्बरचं उदाहरण घ्या. जॉर्ज पेटीच्या चित्रातली तरुणी टोनी स्टार्सर या सैनिकाने विमानाच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना रंगवली. डाव्या बाजूला तिचा पोहण्याचा पोशाख निळा आहे, उजव्या बाजूला लाल. एकच बाजू पाहिलेला माणूस दुसरी बाजू हमखास चुकवणार. विल्यम वायलरने या विमानावर रंगीत माहितीपट केला आणि मूळ विमान ओहायोतल्या डेटनच्या संग्रहालयात २०१८ सालापासून जीर्णोद्धार होऊन उभं आहे, म्हणून इथे पडताळा घेता येतो. इतर हजारो विमानांच्या वाट्याला एखादाच धूसर फोटो आला.

आता ब्रिटिश रात्रीच्या बॉम्बरकडे वळू. कागदावरचा नियम सोपा वाटतो. वरून गडद तपकिरी आणि गडद हिरवा, खालून काळा, अंगावर मंद लाल रंगात स्क्वाड्रनची दोन अक्षरं आणि विमानाचं एक. पंखांवर लाल-निळं राउंडेल, म्हणजे राष्ट्रीय खुणेचं वर्तुळ, आणि अंगावर १९४२च्या मध्यापासून पिवळी कड बारीक झालेलं नवं राउंडेल. पण तो काळा कोणता? आधीचा ‘स्पेशल नाइट’ काजळीसारखा खरखरीत होता. प्रकाशझोतात चमकू नये म्हणून तो आणला गेला, पण त्याच्या खरखरीतपणाने हवेचा विरोध वाढे आणि तो झडतही असे. पुढे गुळगुळीत ‘नाइट’ आला. म्हणजे १९४१चं वेलिंग्टन आणि १९४४चं लँकेस्टर एकाच बाटलीतल्या काळ्याने रंगवलं तर दोहोंपैकी एक तरी चुकतंच. जर्मन बाजूला हाच प्रश्न आणखी बिकट होतो. हाइंकेल १११ कारखान्यातून दोन हिरव्या छटा आणि खालून फिकट निळा रंग घेऊन येई. १९४०-४१च्या हिवाळ्यात ब्रिटनवर रात्रीचे हल्ले चालू होते तेव्हा तळावरच्या माणसांनी खालची बाजू धुऊन निघणाऱ्या काळ्या रंगाने झाकून टाकली. ब्रशचे फटकारे, अर्धवट झाकलेले क्रॉस, पावसाने उतरलेले पट्टे. हे कुठल्याही आदेशासोबतच्या आराखड्यात सापडणार नाही.

अमेरिकी विमानांवरच्या ताऱ्याच्या खुणेचं वेळापत्रकही पाठ असलेलं बरं. मध्यावरचा लाल ठिपका जपानी सूर्यबिंबाशी गल्लत होते म्हणून मे १९४२ मध्ये काढला गेला. जून १९४३च्या अखेरीस दोन बाजूंना पांढऱ्या पट्ट्या आणि भोवती लाल कड आली, आणि ऑगस्टमध्ये ती कड निळी करण्याचा आदेश निघाला. पण आदेश निघाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या तळांवर ब्रश फिरले नाहीत. त्यामुळे तारीख ठाऊक असूनही छायाचित्र बघावंच लागतं.

आणि छायाचित्र बघणं हीच तर या कलेतली खरी विद्या. त्या काळी दोन प्रकारची कृष्णधवल फिल्म वापरात होती. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. तो काळा उमटतो, पिवळा गडद होतो आणि निळा फिका पडतो. पॅनक्रोमॅटिक फिल्म सगळे रंग पकडते. म्हणून फोटो हाती आला की आधी राउंडेल पाहावं, कारण त्याचे रंग आपल्याला ठाऊक असतात. बाहेरची पिवळी कड आतल्या निळ्यापेक्षा गडद दिसत असेल तर फिल्म ऑर्थो. मग काळ्या अंगावरची मंद लाल अक्षरं दिसली नाहीत म्हणून ती नव्हतीच, असं म्हणता येत नाही. मगच बाकीच्या करड्या छटांचा अर्थ लावायचा. हे काम मिनिटाचं नाही, पण त्यात हात बसला की जुना फोटो बोलायला लागतो.

नेमक्या याच जागी आज सर्वांत मोठं नुकसान होतं आहे. जुने फोटो संगणकाकडून रंगवून घेण्याची लाट आली आहे. यंत्राला फिल्म कोणती होती हे ठाऊक नसतं. शोभून दिसेल असा रंग ते भरतं. असं चित्र मूळ फोटोपेक्षा जास्त खरं वाटतं, जास्त पसरतं, आणि नवा मॉडेलकार त्यावरून रंग मिसळतो. प्रोफाइलची चूक निदान चित्र म्हणून ओळखू येत होती. ही चूक छायाचित्राच्या वेषात येते, आणि तिला आवर घालायला हवा.

रंगांच्या नमुन्यांचं काय? मायकेल बॉयरचं ‘बॉम्बिंग कलर्स’ १९७३ साली आलं, मेरिक आणि हिचकॉक यांचं जर्मन विमानांवरचं मोनोग्राम मार्गदर्शक १९८० साली, प्रत्यक्ष रंगाचे नमुने चिकटवून. त्या पिढीने कागद आणि पत्रा दोन्ही तपासले. आज रंगांच्या बाटल्यांवर सर्रास अमेरिकी एफएस ५९५ मानकाचे आकडे असतात. हे मानक १९५६चं, म्हणजे युद्धानंतरचं. १९४३चा ऑलिव्ह ड्रॅब त्यातल्या एखाद्या आकड्याच्या जवळपास असेल, पण तो आकडा म्हणजे तो रंग नव्हे. त्यातही तो ऑलिव्ह ड्रॅब उन्हाने तपकिरीकडे झुके, आणि बी-१७च्या कापडी सुकाणूवर तो पत्र्यापेक्षा वेगळाच दिसे.

संग्रहालयातली विमानं सरसकट पुरावा मानायची सवय सोडायला हवी. ब्रिटनचं उडतं लँकेस्टर पीए ४७४ युद्ध संपत आलं तेव्हा बांधलं गेलं. त्याने युद्धात एकही मोहीम केली नाही, आणि वेळोवेळी त्याला वेगवेगळ्या विमानांच्या खुणा दिल्या जातात. ती आदरांजली आहे, दस्तऐवज नाही. याउलट हॅलिफॅक्स बॉम्बर डब्ल्यू १०४८ पाहा. एप्रिल १९४२ मध्ये ‘टिर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवरच्या हल्ल्यात गोळे लागून ते नॉर्वेतल्या एका गोठलेल्या तळ्यावर उतरलं आणि बर्फाखाली बुडालं. १९७३ साली ते वर काढलं आणि लंडनच्या हेंडनमधल्या संग्रहालयात मुद्दाम तसंच ठेवलं. जीर्णोद्धारात चकचकीत झालेल्या दहा विमानांपेक्षा रंगाच्या अभ्यासकाला हे एक खिळखिळं धूड जास्त शिकवतं.

खुणांची अक्षरं हा माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा. ब्रिटिश विमान पडलं की त्याचं अक्षर नव्या विमानाला मिळे. शिवाय एकच विमान स्क्वाड्रन बदलून नवी अक्षरं घेई. हेंडनमधलंच लँकेस्टर आर ५८६८ आधी ओएल-क्यू होतं, मग ऑस्ट्रेलियाच्या ४६७ स्क्वाड्रनमध्ये पीओ-एस झालं, आणि शत्रूचं एकही विमान जर्मनीवर येणार नाही ही जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याची प्रसिद्ध बढाई त्याच्या नाकावर रंगवली गेली. नाकावर दर मोहिमेमागे रंगवलेले बॉम्ब मोजले की तारखेचा अंदाज येतो. इटलीवरच्या मोहिमेसाठी काही विमानांवर आइस्क्रीमचा कोन काढत. अशा तपशिलांची खातरजमा स्क्वाड्रनच्या रोजनिशीत होते. लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या या नोंदी आता संगणकावर वाचता येतात. रात्र कोणती, विमान कोणतं, आत कोण होतं, सगळं त्यात आहे. एवढी सोय असताना जर्मनीतल्या धरणांवरच्या मे १९४३च्या हल्ल्यातलं विमान म्हटलं की सगळे त्या हल्ल्याचा नेता गाय गिब्सन याचं एजे-जी तेवढं करतात. त्या रात्री एकोणीस विमानं निघाली, आठ परतली नाहीत, त्रेपन्न माणसं गेली. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे एकूण ५५,५७३ वैमानिक आणि सहकारी या युद्धात मेले. लँकेस्टरच्या प्रत्येक अक्षरामागे सात जणांचा चमू होता, म्हणून चुकीचं अक्षर मला निव्वळ तांत्रिक चूक वाटत नाही.

आपल्या घराजवळचं काम तर अजून पडूनच आहे. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं निकामी करून सोडली. हिंदुस्थान एअरक्राफ्टने ती पुन्हा उभी केली, आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत उडवली. १९५१ साली ६ क्रमांकाचं स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटर घेऊनच पुन्हा सुरू झालं. आज इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेतल्या संग्रहालयांत दिसणारी काही लिबरेटर हीच आहेत, परक्या खुणा अंगावर घेऊन. हेंडनला गेलेलं केएन ७५१ आपल्याकडे एचई ८०७ होतं. त्यांच्या भारतीय काळातले रंग कुणी नीट मांडलेले नाहीत. सुरुवातीची काही वर्षं राउंडेलमध्ये अशोकचक्र होतं, १९५० पासून केशरी-पांढरा-हिरवा आला. एवढ्यावरूनही फोटोचा काळ ठरवता येतो. पुण्याच्या लोहगाव तळावर तेव्हा काम केलेल्यांचे अल्बम ज्यांच्या घरात असतील, त्यांनी ते स्कॅन करताना फोटोच्या कडा कापू नयेत, मागची बाजूही घ्यावी आणि रंग भरायला यंत्राकडे देऊ नये. तारीख, गाव, कुणाची तरी सही बहुधा मागच्याच बाजूला असते.