वर्तुळातील नृत्य आणि वर्गातील नृत्य : पश्चिम आफ्रिकेचा अनुभव व वऱ्हाडातील प्रश्न

विद्यापीठात लोकनृत्य शिकविता येते काय, हा प्रश्न आता मागे पडला आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने १९८७ पासून गुरुकुल पद्धतीला विद्यापीठीय चौकटीत स्थान दिले, मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने लोककलांना अभ्यासक्रमात आणले. शिल्लक राहतो तो अधिक अवघड प्रश्न : वर्गात प्रवेश करताना नृत्य आपले काय मागे ठेवून येते, आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसांपैकी कोण दाराबाहेर थांबते? पश्चिम आफ्रिकेतील, विशेषतः घानातील अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा आणि वऱ्हाडातील स्थितीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६२ मध्ये, लेगॉन येथील घाना विद्यापीठाच्या परिसरात संगीत व नाट्य विद्यालय सुरू झाले आणि 'घाना डान्स एन्सेम्बल' हा नृत्यसंच उभा राहिला. संगीतशास्त्रज्ञ क्वाबेना एन्केतिया व नृत्यदिग्दर्शक मावेरे ओपोकू हे या प्रयत्नाचे प्रमुख शिल्पकार होत. वसाहतकाळातील शिक्षणाने हीन ठरविलेली कला विद्यापीठात सन्मानाने आणणे हा क्वामे एन्क्रुमा यांच्या राजकारणाचाही भाग होता. या प्रयोगाचे मोल निर्विवाद आहे. गावोगावचे जाणते वादक व नर्तक शिकविण्यासाठी बोलावले गेले, ही त्यातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट म्हणावी लागेल.

शहाणपणाची अशासाठी, की तेथे वादकाशिवाय नृत्य शिकविणे म्हणजे शब्दांशिवाय व्याकरण शिकविणे होय. अकान समाजातील 'अडोवा' या नृत्याचे उदाहरण पाहावे. हे नृत्य प्रामुख्याने अंत्यविधीच्या प्रसंगी केले जाते. 'दावुरो' नावाची लोखंडी घंटा एकच आवर्तन अखंड धरून ठेवते, इतर ढोल त्याभोवती आपापला ठेका गुंफतात आणि 'अतुम्पान' ही उच्च व नीच स्वरांची ढोलांची जोडी प्रत्यक्ष बोलते. हे बोलणे केवळ आलंकारिक अर्थाने नाही. अकान भाषेत स्वराच्या चढ-उताराने शब्दाचा अर्थ बदलतो, त्यामुळे दोन स्वरांच्या ढोलावर म्हणी, नावे, सांत्वनाची वाक्ये उमटविता येतात. नर्तकी त्या वाक्याला हाताने उत्तर देते. दोन्ही हात डोक्यावर ठेवणे ही शोकाची खूण तेथे जमलेल्या प्रत्येकाला वाचता येते. ज्याला भाषा येत नाही, त्याला ढोल ऐकू येतो, ढोलाचे म्हणणे ऐकू येत नाही. अमेरिकेतील वा युरोपातील वर्गात एक ते आठ अंक मोजून अडोवाची पावले बसविली जातात, तेव्हा पावले जुळतात आणि संवाद नाहीसा होतो. ध्वनिमुद्रित ठेक्यावर सराव केला, तर उरलेसुरलेही जाते. कारण यंत्र नर्तकीकडे पाहून आपले वाक्य बदलत नाही.

शिवाय ज्याला आपण 'परंपरा' म्हणून शिकवितो, तिचे वयही तपासून घ्यावे लागते. 'पान्लोगो' हे गा समाजाचे नृत्य अक्रा शहरातील तरुणांनी १९६० च्या सुमारास घडविले. आरंभी वडीलधाऱ्यांना ते असभ्य वाटले होते. आज तेच नृत्य जगभरच्या विद्यापीठांत पारंपरिक म्हणून शिकविले जाते. गिनीच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. केता फोदेबा यांनी १९५२ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन केलेला 'ले बॅले आफ्रिकाँ' हा संच गिनीच्या स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय संच झाला. अशा संचांतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी परदेशी वर्गात जे शिकविले, त्यात गावातील वर्तुळापेक्षा रंगमंचाची रचनाच अधिक होती. यात कलावंतांचा दोष नाही; पण अभ्यासक्रम आखणाऱ्याने हे ओळखावयास हवे.

गुरुकुंज मोझरीच्या परिसरातून पाहिल्यास हा सारा विषय दूरचा वाटेल. तथापि याच अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत होळीनंतरचे दिवस कोरकू स्त्रीपुरुषांच्या नृत्याने भरून जातात, नृत्य करीत 'फगवा' मागितला जातो. दिवाळीनंतरच्या घुंगरू बाजारात गुरे राखणारे थाट्या ढोल-बासरीच्या साथीने नाचतात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. मराठी वा हिंदीशी तिचे कौटुंबिक नाते नाही. म्हणजे अतुम्पानच्या बाबतीत जी अडचण परदेशी विद्यार्थ्याला येते, तीच कोरकू गीताच्या बाबतीत अमरावतीच्या मराठीभाषक नृत्यदिग्दर्शकाला येते. फरक इतकाच, की परदेशी विद्यार्थ्याला आपले अज्ञान ठाऊक असते.

महाविद्यालयांत हे नृत्य येते ते प्रामुख्याने युवा महोत्सवाच्या दारातून. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमांनुसार समूह लोकनृत्याला दहा मिनिटांची मर्यादा असते. रात्रभर चालणारे, वाटेल त्याने सामील व्हावे असे वर्तुळ दहा मिनिटांच्या अर्धवर्तुळात बसविले जाते, कारण परीक्षकांकडे पाठ करता येत नाही. स्नेहसंमेलनात तर 'आदिवासी' म्हणून झाडपाल्याची वस्त्रे चढविली जातात. कोरकू स्त्री लुगडे नेसते व चांदीचे दागिने घालते, हे पाहावयास परतवाड्याच्या पलीकडे एकदा गेले तरी पुरे. अशा संचात धारणीहून आलेली एखादी कोरकू विद्यार्थिनी असेल, तर तिच्याच नृत्यातील तिची पावले दिग्दर्शक दुरुस्त करील आणि पारितोषिक मिळाल्यावर ती दुरुस्तीच प्रमाण ठरेल, हा धोका काल्पनिक मानता येत नाही.

मोझरीत मात्र वेगळ्या शिक्षणाचा एक नमुना डोळ्यांसमोर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रम स्थापन केला आणि खंजिरी भजनाला लोकशिक्षणाचे माध्यम बनविले. खंजिरी भजन हे नृत्य नव्हे, हे खरे. परंतु गावच्या भजनी मंडळात नवखा मुलगा आधी मागे बसतो, टाळी धरतो, पदे ऐकून पाठ करतो आणि मुख्य गायकाच्या खंजिरीने लय चढविली की स्वतःही चढतो. वाद्य, शब्द व शरीर तेथे एकत्रच शिकले जातात. 'हे वाद्य', 'हा सिद्धान्त', 'हे प्रात्यक्षिक' अशी कप्पेबंद विभागणी तेथे कोणी करीत नाही. लेगॉनने गावातील वादकाला विद्यापीठात बोलावून जे साधण्याचा प्रयत्न केला, ते येथे संध्याकाळच्या भजनात अनायास घडते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' या पदाविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार औपचारिक पदवी नसली तरी किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाला शिकविता येते. अशा नियुक्त्यांना मंजूर पदांच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे. स्थानिक कलावंतांना निवासी शिक्षक म्हणून बोलावण्याविषयीची तत्त्वे २०२३ मध्ये आली. म्हणजे चिखलदऱ्याच्या ढोलवादकाला वर्गात बसविण्यास आज नियमांचा अडसर उरलेला नाही. अडसर आहे तो मूल्यमापनाच्या सवयीचा. पावलांची अचूकता, वेशभूषा, रचनेतील सफाई यांना गुण देणे सोपे असते. वादकाने पूर्वसूचना न देता ठेका बदलला असता विद्यार्थ्याचे शरीर बदलते काय, आणि गीतातील ओळीचा अर्थ त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो काय, ही परीक्षा घ्यावयाची तर परीक्षकाच्या खुर्चीवर त्या वादकालाच बसवावे लागेल, गुणपत्रिकेवर त्याची स्वाक्षरी वा अंगठा चालवून घ्यावा लागेल आणि मानधनाच्या देयकावर 'साथीदार' ऐवजी 'शिक्षक' असे लिहावे लागेल.